उरलेल्या दहा टक्क्यांत आपली लेकरं

परभणीत मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे गेला की बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत दोन तऱ्हेची मुले येतात. जुलाब-उलट्यांनी सुकलेली आणि ऊन लागलेली. सलाईन, ओआरएस, दोन दिवस भरती, संपला विषय. पण कधीतरी एखादे लेकरू असे येते की त्याला जुलाब नाहीत, ते उन्हात खेळलेले नाही, तरी मान टाकलेली आणि रक्तातले सोडियम-क्लोराइड तळाला गेलेले. मीठ गेले कुठे? घामातून गेले. आईला विचारले तर ती सांगते, ‘कपाळावर पांढरं पांढरं साचतंय, साहेब. लई दिवसांपासून.’ मग बाकीचे न विचारता बाहेर येते. सारखा खोकला, दोनदा न्यूमोनिया, एकदा सहा महिने टीबीची औषधे, तेलकट आणि भयंकर वास येणारी शी, आणि ‘खातंय बक्कळ, पण अंगाला लागंना.’

या सगळ्याला मिळून सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. 1948 साली न्यूयॉर्कमध्ये उन्हाची मोठी लाट आली होती. उष्माघाताने रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये हा आजार असलेली मुले डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. त्याचा माग काढत पॉल दी सान्ताग्नेस या डॉक्टरांनी 1953 मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामात मीठ फार असते. न्यूयॉर्कला हे शिकवायला एक लाट पुरली. आमच्याकडे ऊन दरवर्षी शिकवायला येते, वर्गात मात्र कोणी नसते.

मी या जिल्ह्यात मुले तपासतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर अशा सगळ्या बाजूंची. फुप्फुसांच्या पेशींतले जनुक गप्प करण्याच्या संशोधनावर परभणीतल्या डॉक्टराने वर्तमानपत्रात का लिहावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझे उत्तर असे की या संशोधनाची गरज बोस्टनपेक्षा पालमला जास्त आहे, आणि नेमके ते मागे पडले आहे.

आधी आजार. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचे जनुक आहे. ते 1989 मध्ये लाप-ची त्सुई, जॅक रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी शोधले. या जनुकावरून 1,480 अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर क्लोराइड बाहेर सोडण्याची वाट म्हणून काम करते. ती वाट बंद पडली की श्वासनलिकेच्या अस्तरावरचे पाणी आटते, कफ चिकट होतो, हलत नाही, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडातही तेच घडते. पाचक रस आतड्यात पोचत नाहीत आणि खाल्लेले तूप-तेल तसेच बाहेर पडते. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर हे मूल ‘तीव्र कुपोषित’ भरते आणि त्याला आणखी पोषण आहार मिळतो. आहार द्यायला हरकत नाही, पण पचवणार कोण?

आई-बाप दोघेही धडधाकट असतात. दोघांकडे जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. ज्या मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या येतात ते आजारी पडते. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत अजून टिकून आहे, आणि नात्यातल्या लग्नात अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. रीत मोडा, असे भाषण मी ओपीडीत करत नाही. सासू बाकावर बसलेली असते आणि सुनेच्या माथी काहीतरी मारायला तिला निमित्तच हवे असते. म्हणून मी सासूला आत बोलावतो आणि तिच्यासमोर मोठ्याने सांगतो: दोष दोन्ही घरांकडून आला आहे, निम्मा-निम्मा. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा कधीकधी या वाक्याचा उपयोग जास्त होतो.

आता औषध. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा नावाच्या तीन घटकांच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. बिघडलेल्या प्रथिनाची घडी नीट बसवून त्याला कामाला लावणाऱ्या या गोळ्यांनी तिकडच्या रुग्णांचे आयुष्य बदलले, यात शंका नाही. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणासाठी नाव लावलेली माणसे यादीतून बाहेर पडली. अमेरिकेतली किंमत तेव्हा वर्षाला 3 लाख 11 हजार डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. कंपनीने हे औषध भारतात आणण्याची घाई केली नाही. 2023 च्या सुरुवातीला भारतासह चार देशांतल्या रुग्णकुटुंबांनी त्याच्या पेटंटविरुद्ध दाद मागितली. अर्जेंटिनात स्थानिक कंपन्या तेच औषध बनवतात आणि जगभरातले आई-बाप ते तिथून मिळवण्याची धडपड करतात.

किमतीची लढाई लढायलाच हवी. पण समजा उद्या हे औषध पॅरासिटामॉलच्या भावाने मिळू लागले, तरी आपल्या सगळ्या मुलांना ते चालणार नाही. सीएफटीआर जनुकात दोन हजारांहून जास्त बदल सापडले आहेत. युरोप-अमेरिकेत त्यांतला एकच, एफ-508-डेल, बहुसंख्य रुग्णांत असतो. प्रथिनातले 508 वे अमिनो आम्ल गळलेले. तिकडे दहातल्या साधारण नऊ रुग्णांकडे त्याची किमान एक प्रत सापडते आणि ट्रायकाफ्टा मुख्यतः त्याच्यासाठी घडवलेले आहे. दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि इतरत्र भारतीय रुग्णांचे जे अभ्यास झाले, त्यांत बिघडलेल्या प्रतींमध्ये या बदलाचा वाटा निम्म्याहून कमी निघाला, काही ठिकाणी तर जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेल्या प्रतींत दुर्मीळ, विखुरलेले, घराण्या-घराण्यांत वेगळे बदल. त्यांतल्या काहींत प्रथिन तयारच होत नाही. मग घडी कशाची बसवायची? तिकडच्या हिशेबात जे दहा टक्के ‘उरले’, त्यांत आपल्या मुलांचा भरणा जास्त आहे.

इथे जनुक गप्प करण्याचा विचार येतो. ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो रास्त आहे: डॉक्टर, यांचे जनुक मुळातच बंद पडलेले, आणखी काय गप्प करायचे? गप्प करायचे ते शेजारचे. श्वासनलिकेच्या पेशीवर सोडियम आत ओढणारी दुसरी एक वाट असते. तिला ईनॅक म्हणतात. क्लोराइडची वाट बंद पडली की पेशीबाहेर पाणी येणे थांबते, आणि ही सोडियमची वाट मात्र मोकाट चालू राहते. सोडियमच्या मागोमाग पाणी आत जाते. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेवर पाण्याचा जो थर असतो, त्याची जाडी असते जेमतेम सात मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातपट. तेवढाही राहिला नाही तर अस्तरावरचे सूक्ष्म केस कफात रुतून बसतात. 2004 मध्ये मार्कुस माल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये फक्त या सोडियमच्या वाटेचे काम वाढवून पाहिले. सीएफटीआर शाबूत असूनही त्या उंदरांची फुप्फुसे कफाने तुंबली. म्हणजे उलट बाजूने विचार केला तर ईनॅक थोडा आवरला, तर पाणी टिकायला हवे, मग रुग्णाच्या सीएफटीआरमध्ये दोन हजारांपैकी कोणताही बदल असो. मला या कल्पनेचे आकर्षण आहे ते यासाठी. हे औषध मुलाची जनुकीय कुंडली विचारत नाही.

आवरायचे कसे? जनुकातली माहिती आधी आरएनएच्या प्रतीत उतरते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनते. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म गोलकृमीत दाखवले की नेमक्या त्याच क्रमाचा दुपदरी आरएनए पेशीत सोडला, तर पेशीतलीच यंत्रणा ती प्रत हुडकून कापून टाकते. जनुक जागच्या जागी राहते, पण त्याचे प्रथिन बनत नाही. दोघांना 2006 चे नोबेल मिळाले. साधारण वीस-बावीस अक्षरांचा असा तुकडा औषध म्हणून वापरण्याची पहिली मान्यता 2018 मध्ये मिळाली, तीही यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनासाठी. त्यानंतर आलेली या जातीची औषधेही बहुतेक यकृताचीच आहेत, कारण रक्तात सोडलेला माल यकृत आपणहून उचलते.

फुप्फुस तसे नाही. आमच्याकडे कापसावर पंप मारणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. औषध जालीम असून भागत नाही, मावा आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या अंगाला बसलेली असते, आणि तिथे थेंब पोचला नाही तर फवारणी वाया. श्वासातून दिलेला आरएनए आधी त्या चिकट कफात अडकतो, सुटला तर भक्षक पेशी त्याला गिळतात, त्यांच्यातून वाचला तरी अस्तराच्या पेशीत शिरणे सोपे नाही, आणि शिरल्यावर पेशीतल्या ज्या पिशवीत तो सापडतो तिच्यातून बाहेर पडणे त्याहून अवघड. लंडनमधल्या संशोधकांनी स्निग्ध पदार्थ आणि पेप्टाइड यांच्या अतिसूक्ष्म कणांत हा आरएनए भरून, रुग्णांच्या श्वासनलिकेच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ईनॅक कमी करून दाखवला. बशीत जमले. माणसात जाण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियाच्या ॲरोहेड कंपनीने केला. वाफेवाटे घेण्याचे त्यांचे औषध मानवी चाचणीत होते. पण जुलै 2021 मध्ये उंदरांवरच्या दीर्घकालीन चाचणीत फुप्फुसांना सूज दिसली आणि त्यांनी काम थांबवले. थांबवले ते योग्यच केले. ईनॅकला साध्या रसायनांनी अडवण्याचे प्रयत्न तर 1990 च्या सुमारास अमिलोराइडच्या वाफेपासून चालू आहेत. अमिलोराइडचा असर लवकर उतरतो, आणि पुढची रसायनेही फार काही करू शकली नाहीत.

मग एवढ्या अपयशी वाटेचे गोडवे मी का गातो? माझे मत असे आहे की या वाटेवरची वर्दळ कमी झाली त्याला उंदरांची सूज हे एकच कारण नव्हते. ट्रायकाफ्टा आल्यावर पैसा असलेल्या देशांतल्या बहुतेक रुग्णांचा प्रश्न मिटला. चाचणीसाठी रुग्ण मिळेनात, गुंतवणूकदारांना बाजार दिसेना. पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा, तिसरा, चौथा प्रयत्न करायला जी निकड लागते ती तिथे उरली नाही. कंपन्यांना शिव्या देऊन उपयोग नाही, त्यांचा हिशेब सरळ आहे. निकड आपली आहे. मग ती आपणच दाखवायला नको का?

निकडीचे दुसरे कारण डोंगरपट्ट्यातल्या लोकांना मी सांगण्याची गरज नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूंनी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो आणि लेकरू सोबत जाते. पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याची वाफ द्यायची असते. हाही उपाय त्याच तत्त्वाचा आहे, खारट पाणी अस्तरावर पाणी ओढून आणते. सिडनीच्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते की समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या त्यांच्या रुग्णांची छाती बरी राहते. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात 164 रुग्णांना 48 आठवडे सात टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन पाहिली, तर छाती बिघडण्याचे प्रसंग कमी झाले. स्वस्त आणि खात्रीचा उपाय. पण त्याला नेब्युलायझर लागतो, नेब्युलायझरला वीज लागते, आणि कोपीत वीज नसते. एका आईने मला विचारले होते, ‘साहेब, म्हयन्यातून एकदा द्यायचं काही नाही का?’

पेशीतला आरएनए गप्प केला तर परिणाम काही तास नव्हे, दिवसांच्या, कदाचित आठवड्यांच्या हिशेबात टिकू शकतो. यकृतावरची या जातीची औषधे महिनोन्‌महिने टिकतात. फुप्फुसात तेवढे जमेल असे मी म्हणत नाही. पण त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल अशी दिशा मला हीच दिसते. वर्षाचे 365 दिवस न चुकता गोळी घेण्याची सोय बोस्टनमध्ये असेल, फडावर नसते.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या बातशेवा केरेम यांच्या कामातून निघालेले एक औषधही इथे आठवते. 1989 च्या शोधात त्याही होत्या. सीएफटीआरमधल्या एका बदलामुळे, ज्याची 3849+10केबी अशी नोंद आहे, आरएनएच्या प्रतीत 84 अक्षरांचा नको असलेला तुकडा घुसतो आणि प्रथिन अर्ध्यावर तुटते. आरएनएसारखाच एक छोटा तुकडा वाफेतून देऊन ती नको असलेली जागा झाकायची, असा तो प्रयत्न आहे. सगळे जनुक नव्हे, त्यातली एक चुकीची ओळ तेवढी गप्प करायची. हाच बदल भारतीय रुग्णांत पुन्हा पुन्हा सापडला आहे. या चाचण्यांत आपली मुले का नसावीत? पण त्यासाठी कोणत्या मुलात कोणता बदल आहे, हे कुणाला तरी माहीत हवे.

आपल्याकडे हे करणारे हात नाहीत, हे मला पटत नाही. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने स्निग्ध कणांत आरएनए भरून करोनाची लस बनवली आणि जून 2022 मध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली. दम्याच्या पंपांत तर भारतीय कंपन्या जगाला माल पुरवतात. आरएनए भरण्याची कला आणि तो श्वासातून पोचवण्याची कला, दोन्ही याच राज्यात, काही तासांच्या अंतरावर आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून निघालेल्या रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, तीही परदेशी किमतीच्या लहानशा अंशात. ‘आपल्याला परवडणार नाही’ हे पालुपद तेव्हाही लोक म्हणतच होते.

मात्र पुण्या-मुंबईतल्या कुणी उद्या हे काम हाती घेतले, तर ते पहिला प्रश्न विचारतील: रुग्ण किती आणि कुठे? परभणी जिल्ह्याकडे याचे उत्तर नाही. घामातले क्लोराइड मोजण्याची तपासणी 1959 पासून ठरलेली आहे. पायलोकार्पिन लावून, अगदी सौम्य वीजप्रवाह देऊन हातावर घाम आणायचा, गोळा करायचा, मोजायचा. क्लोराइड लिटरला 60 मिलीमोलच्या वर गेले तर आजार जवळपास नक्की. यंत्र महाग आहे म्हणाल, तर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काब्रा आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्येच घाम गोळा करण्याची आणि क्लोराइड मोजण्याची देशी, स्वस्त पद्धत छापून ठेवली आहे. त्यात असे काही नाही जे एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायन विभागाला जमणार नाही. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी मी माझ्या रुग्णांना घाम मोजायला पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला पाठवतो. परभणीच्या उन्हात घामासाठी देवगिरी एक्स्प्रेसचे तिकीट काढावे लागते, याला काय म्हणावे!

केंद्राचे दुर्मीळ आजारांचे धोरण 2021 मध्ये आले. त्यात सिस्टिक फायब्रोसिस दोन गटांत आहे: पाचक विकरांच्या कॅप्सूल एका गटात, महागडी औषधे दुसऱ्या गटात. मदतीची मर्यादा 2022 मध्ये प्रतिरुग्ण 50 लाखांपर्यंत वाढली आणि आपल्या राज्यात त्यासाठी मुंबईचे केईएम हे ठरवून दिलेले केंद्र आहे. कागद चांगला आहे. पण केईएमच्या खिडकीपर्यंत तेच मूल पोचते ज्याच्या हातात निदान आहे. बाकीची ‘वारंवार न्यूमोनिया’, ‘कुपोषण’, ‘टीबी असावा’ या नोंदींत विरघळून जातात आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर भलतेच काहीतरी लिहिले जाते.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘अरे, आपल्याकडे टीबी आहे, रक्तक्षय आहे, जुलाबाने मुले जातात, आणि तू हजारो बाळांतल्या एकाचे घेऊन बसलास.’ त्यांच्या प्राधान्यक्रमाशी माझे भांडण नाही. पण घामाची ही तपासणी टीबीच्या कामाच्या आड येत नाही, उलट त्या कामातला एक कोपरा स्वच्छ करते. थुंकीत किंवा पोटातल्या स्रावात जंतू न सापडता केवळ खोकला, एक्स-रे आणि वजन पाहून ज्या मुलांना क्षयाची औषधे दिली, आणि तरी ज्यांचा खोकला गेला नाही, त्यांना पुन्हा एकदा तीच औषधे देण्याऐवजी अर्धा तास बसवून घाम मोजावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके गावोगाव अंगणवाड्यांत जातातच. त्यांच्या तक्त्यात दोन प्रश्न वाढवावेत: शी तेलकट असते का, आणि कपाळावर मीठ साचते का. ज्याचा घाम खारट निघेल त्याच्या रक्ताचा नमुना हैदराबादच्या सीडीएफडीसारख्या संस्थेकडे जावा आणि त्याच दिवशी त्या घराला वाफेचे, मिठाचे, कॅप्सूलचे सांगून द्यावे, कारण हे उपाय आज हातात आहेत.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाला सुरुवात करायला नवे सर्वेक्षणही नको. दोनदा क्षयाचे उपचार झालेल्या मुलांची नावे निक्षय पोर्टलवर आहेत आणि त्यांचे पत्ते जिल्हा क्षयरोग कार्यालयात. दिवाळीनंतर त्यातली निम्मी फडावर गेलेली असतील, तेव्हा बोलावणे सप्टेंबरात धाडावे.